बारा नंबरचा पाव

पहिल्याच भेटीत उस्मानचाचांनी शर्टाची बाही वर केली, हात माझ्यापुढे टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "जरा प्रेशर बग."

मी नुकताच सौदीतल्या अल-जौफच्या त्या शेतावर कामाला लागलो होतो. अंगात पांढरा कोट होता आणि कॅम्पात पांढरा कोट घालणारा मी एकटाच. मी म्हटलं, "चाचा, मी तसला डॉक्टर नाही. मी माती तपासतो. माती आणि गहू."

त्यांनी हात मागे घेतला नाही. "मातीची नस बगतोस, मग माणसाची का नाय बगणार? माणूस काय येगळा हाय?"

मी मुकाट्याने त्यांची नाडी धरून घड्याळाकडे बघत बसलो. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. त्या दिवसापासून मी त्यांचा 'डाक्टर' झालो, तो ते जाईपर्यंत.

उस्मानचाचा कॅम्पच्या मेसमध्ये पाव भाजायचे. गाव गुहागरच्या बाजूचं, वडील बेकरीत होते, आधी बरीच वर्षं राबिघला रिफायनरीच्या कॅम्पात काढली होती, घरी बायको आणि लग्न झालेल्या दोन मुली. एवढंच मला त्यांच्याविषयी माहीत होतं आणि त्यापलीकडे त्यांनी कधी सांगितलंही नाही. बुटकी मूर्ती, मेंदीने लाल केलेली दाढी, आणि हिवाळ्यात कानावरून ओढलेली माकडटोपी. सौदीत थंडी असते हे घरच्यांना पटत नाही, पण आमच्याकडे उत्तरेला जानेवारीत पहाटे नळांवर बर्फ धरायचा. चाचा तेव्हा पिठाच्या परातीवर स्वतःची गोधडी घालायचे आणि आपण कुडकुडत बसायचे.

मेसमध्ये दोनशे माणसं जेवायची. पाकिस्तानी, बांगलादेशी, सुदानी, आपले लोक. रोज खुबूस, म्हणजे चपटी भाकरीसारखी रोटी. शुक्रवारी मात्र पाव. आपल्याकडच्या बेकरीत मिळतो तसा, एकमेकांना चिकटलेला, वर तपकिरी आणि आत कापसासारखा. पाव सुरीने कापलेला त्यांना खपायचा नाही. कोणी सुरी उचलली की ते भट्टीपासून ओरडायचे, "अरे, त्याला हातानं तोड! कलिंगड हाय काय?"

त्यांच्या पावाची स्तुती करायचीही सोय नव्हती. पहिल्या शुक्रवारी मी मनापासून म्हटलं, "चाचा, असा पाव मी साताऱ्यातही खाल्ला नाही." त्यांनी हात झटकला. "उद्या सांग. ताजा पाव कोणालापण आवडतो. दुसऱ्या दिवशीचा खा, मग बोल." ते स्वतः कायम आदल्या दिवसाचाच पाव खायचे. एक तुकडा तोडून बोटांत दाबायचे, तो परत फुलतो का बघायचे, मग तोंडात टाकायचे. नाश्ता करताहेत की काम, ते कळायचं नाही.

पिठाबद्दल त्यांचे नियम ठरलेले होते. पीठ फुगत असताना कॅम्प-बॉस कुरियन घाई करायला आला की चाचा म्हणायचे, "माणसाला यल्ला बोलो, पिठाला मत बोलो." कुरियन कोट्टयमचा. त्याचं आणि चाचांचं रोज भांडण व्हायचं. पण नाताळला चाचांनी कोणाला न सांगता त्याच्यासाठी केक केला. खरं तर तो केक नव्हताच, खजूर घातलेला गोड पाव होता आणि मधोमध बसलेला होता. कुरियनने तो खोलीत नेऊन दोन दिवस पुरवून खाल्ला.

आता ज्या गोष्टीमुळे उस्मानचाचा माझ्या मनात कायमचे राहिले, ती सांगतो.

आमचं शेत म्हणजे वाळवंटात आखलेली मोठमोठी हिरवी वर्तुळं. प्रत्येक वर्तुळाच्या मध्यावर विहीर आणि तिच्याभोवती चाकांवर गोल फिरणारा, पाणी फवारणारा लांबलचक पाइप. त्याला पिव्हट म्हणतात. प्रत्येक पिव्हटला नंबर होता. बहुतेक गहू सरकारी सायलोत, म्हणजे धान्याच्या कोठारात जायचा, पण थोडी पोती कॅम्पसाठी मागे ठेवायचे आणि शेतावरच्याच छोट्या गिरणीत दळायचे. म्हणजे आम्ही जो गहू पिकवायचो तोच खायचो.

माझ्या पहिल्या हंगामाचा गहू मे महिन्यात निघाला. जूनच्या मध्यावर एका शुक्रवारी पाव बसला. वरून बरा दिसत होता, पण हातात घेतला तर जड, आणि तोडला तर भुसभुशीत. दुसऱ्या दिवशी त्याचा नुसता चुरा झाला. सगळे म्हणाले उन्हाळा आहे, पीठ आंबलं असेल. चाचांनी पाण्यात बर्फ घातला. यीस्ट बदललं. मळायचा वेळ वाढवला, मग कमी केला. भट्टीचा दरवाजा उघडून त्याच्या कडेची रबरी पट्टी बदलून घेतली. तीन शुक्रवार गेले. पाव तसाच. पुढे खुबूसही भाजताना चिरायला लागली. लोक ताटात रोटी टाकून उठायला लागले, आणि एके दुपारी काही ट्रॅक्टरवाल्यांनी कुरियनच्या टेबलावर पावांची चळत नेऊन ठेवली.

कुरियन मेसमध्ये आला तेव्हा मी तिथेच होतो. तो ओरडला नाही, त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

"उस्मानभाई," तो हळू आवाजात म्हणाला, "आदमी लोग खाना नहीं खा रहा. ऑफिस बोलता है, सकाका के बाजारसे पॅकेटवाला ब्रेड लाओ. और आपका... आपका उमर भी हो गया. हाथ में वो ताकत नहीं रहा. ऑफिस एक्झिट का बात कर रहा है."

चाचा परात धूत होते. त्यांनी ती पुसून जागेवर उलटी ठेवली. मग म्हणाले, "घर जाऊंगा. लेकिन हाथ गया करके नहीं जाऊंगा."

त्या दिवशी दुपारी ते माझ्या प्रयोगशाळेत आले. दोन्ही हातांत कणकेचा एकेक गोळा. एक मला दिला आणि दुसरा नळाखाली धरून चोळायला लागले. पांढरं पाणी वाहत राहिलं, कणकेतला सगळा स्टार्च धुऊन गेला, आणि शेवटी त्यांच्या मुठीत चिकट, लवचिक, चिंगमसारखा एक गोळा उरला. त्यांनी तो दोन्ही हातांनी ताणला. हातभर लांब झाला, पण तुटला नाही.

"हे चार नंबरचं पीठ. मेमधल्या पोत्याच्या तळाशी पसाभर उरलं होतं. आता तुजं धू."

मी धुतलं. पाणी पांढरं होत गेलं आणि गोळा लहान होत गेला. शेवटी बोटांत जे उरलं ते ताणायला गेलो तर तुकडे तुकडे होऊन सिंकमध्ये पडलं.

"हे बारा नंबरचं," चाचा म्हणाले. "जूनपासनं बारा नंबरचीच पोती येतायत. पाव धरून ठेवतो तो हा चिकटपणा. बाराच्या गव्हात तो नाय. आता माज्या हातानं काय करायचं?"

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"बापानं. नवीन पोतं आलं की आधी असं धुवायचा. तुमच्या मशीनला काय दिसतं ते तू बग."

मशीनला तेच दिसलं. बाराच्या गव्हात प्रथिनं फारच कमी होती. मग मी शेताची नोंदवही उघडली. चार नंबरवर बरीच वर्षं लसूणघास होती, तिकडे तिला बरसीम म्हणतात. पाणी वाचवायला सरकारने तो चारा बंद केला, तेव्हा ती मोडून तिथे गहू लावला होता. त्या घासाच्या मुळांनी जमिनीत नत्र साठवून ठेवलेलं, ते गव्हाला आयतं मिळालं. बारा नंबरवर मात्र गव्हावर गहू, त्यावर गहू, त्यावर परत गहू. सलग चार वर्षं.

आणि त्याच पानावर खाली माझं अक्षर होतं. 'पीक हिरवेगार आहे. ओंबीच्या वेळचा युरियाचा हप्ता देण्याची आवश्यकता नाही.'

गव्हाला सुरुवातीला दिलेला युरिया पानांना आणि फुटव्यांना जातो, आणि वाळूत तर त्यातला कितीतरी पाण्याबरोबर खाली निघून जातो. ओंबी येताना दिलेला हप्ता दाण्यात उतरतो. पाव धरून ठेवणारा चिकटपणा त्यातून येतो. हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण नवीन माणसाला काहीतरी छाटून दाखवायची घाई असते. पान हिरवं दिसलं आणि मी दोन्हीकडे छाटलं. चार नंबरला ते निभावलं, तिथे जमिनीत शिल्लक होती. बाराला काहीच नव्हतं.

"काय लिवलंय?" चाचांनी विचारलं.

मी वही मिटली. "बघतो चाचा. जरा अभ्यास करायला लागेल."

ते धुतलेला गोळा कागदावर ठेवून निघून गेले.

पुढचे दोन दिवस मी अभ्यास वगैरे काही केला नाही. चाचांचा हात गेला असं सगळा कॅम्प म्हणत होता आणि मी ते जेवणाच्या टेबलावर बसून ऐकत होतो. माझा प्रोबेशनचा काळ अजून संपायचा होता, ही एकच गोष्ट माझ्या डोक्यात फिरत होती. तिसऱ्या दिवशी कळलं की त्यांच्या एक्झिटचे, म्हणजे त्यांना कायमचं घरी पाठवायचे कागद ऑफिसात तयार होतायत.

त्याच दिवशी चाचा आले. "डाक्टर, एक काम कर. चार नंबरचं एक पोतं कुठनं तरी शोधून दे. आणि मोहंदिस साहेबांना गुरुवारी दुपारी मेसमध्ये घेऊन ये."

मोहंदिस म्हणजे इंजिनियर. आमचे फार्म मॅनेजर तारिक, सुदानचे, शेती शिकलेले, त्यांना सगळे याच नावाने हाक मारायचे. बियाण्याच्या खोलीत मला चार नंबरचं एक पोतं सापडलं. ते मी चाचांच्या देखत गिरणीत दळून आणलं.

गुरुवारी मेसच्या ओट्यावर दोन पराती होत्या. तारिक खुर्चीवर बसले. कुरियन हाताची घडी घालून उभा. चाचांनी बाराच्या पिठाची परात स्वतःकडे ओढली आणि दुसरी कुरियनच्या पुढे सरकवली.

"ये आप मळो."

"मैं?" कुरियन घाबरला. "मुझे चाय बनाने को भी नहीं आता!"

"इसीलिए."

तारिक हसायला लागले आणि कुरियनला घड्याळ काढावं लागलं. मला आजही तो दिसतो, इस्त्रीचा शर्ट, कोपरापर्यंत पीठ, आणि बाजूला हात मागे बांधून उभे असलेले चाचा. "पाणी और डालो. घाबरो मत. मारो मत, ढकलो. हां, ऐसा." कुरियनच्या पिठाला त्यांनी शेवटपर्यंत बोट लावलं नाही. आपलं पीठ मात्र त्यांनी असं मळलं की मी तसं मळणं परत पाहिलं नाही. खांद्यापासून, लयीत, काहीही न बोलता.

पाव फुगायला ठेवले, भाजले. त्या दोन तासांत तारिकनी तीन चहा घेतले, पण उठून गेले नाहीत.

भट्टी उघडली. कुरियनचे पाव वाकडेतिकडे होते, एकाला तर शेपूट आलं होतं, पण सगळे टम्म फुगलेले. चाचांचे पाव एका मापाचे, एका ओळीत, आणि सगळे बसलेले.

तारिकनी दोन्ही तोडून बघितले. कुरियन स्वतःच्या पावाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ये मेरे हाथ का है?"

"हाथ का नहीं," चाचा म्हणाले. "खेत का."

तेव्हा मी बोललो. इंग्रजीत बोललो आणि फार भराभर बोललो, कारण थांबलो असतो तर परत बोलता आलं नसतं. बारा नंबरची चार वर्षं सांगितली, शेवटचा हप्ता माझ्या शेऱ्यामुळे बंद झाला तेही सांगितलं, आणि हे मला इतके दिवस माहीत होतं तेही.

तारिकनी हातातला पाव बोटांनी कुस्करला. मग म्हणाले, "त्या शेऱ्याखाली सही माझी आहे." एवढंच. कुरियनकडे वळून त्यांनी अरबीत काहीतरी सांगितलं, त्यातला 'खलास' तेवढा मला कळला. एक्झिटचे कागद पुढे सरकले नाहीत.

सगळे गेल्यावर मी चाचांना पराती धुवायला मदत करत होतो. ते म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं."

"कसं?"

"तू वही फार जोरात मिटलीस."

"मग मॅनेजरला का नाही सांगितलंत?"

"तुजा हात नवीन हाय. नवीन हातावर एकदा ठपका बसला की माणूस आयुष्यभर घाबरत मळतो." त्यांनी परात माझ्या हातात दिली. "वाट बगितली. म्हटलं बगू या, हा फुगतोय का बसतोय."

"आणि मी बोललोच नसतो तर?"

"तर मी घरी गेलो असतो नि बाराला तुमी परत गहू लावला असता." त्यांनी दुसरी परात उचलली. "मला राग आला होता रे. लय आला होता. नाय असं नाय."

पुढच्या हंगामाच्या बैठकीला तारिकनी चाचांना बोलावून घेतलं. कॅम्पचा पाववाला पेरणीच्या बैठकीला बसलेला मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही. चाचा धुतलेला शर्ट घालून, टोपी काढून, खुर्चीच्या कडेवर बसले. तारिकनी विचारलं, "तुमच्या देशात काय करतात?"

चाचा शेतकरी नव्हते. त्यांनी जे बघितलं होतं ते सांगितलं. "हमारे उधर भात काटा, के उसी जमीन में वाल डालते. फिर अगले साल भात अच्छा आता."

वाल म्हणजे काय ते तारिकना समजावताना मी म्हटलं, तुमच्या 'फूल'चा भाऊ. फूल म्हणजे तिकडचे लोक सकाळी नाश्त्याला शिजवून खातात तो बाकला. तारिकनी लगेच कागदावर बारा नंबरचं वर्तुळ काढलं आणि मधून रेघ मारली. अर्ध्यात बाकला, अर्ध्यात गव्हावर गहू. गव्हाच्या अर्ध्या भागाला यंदा ओंबीच्या वेळचा हप्ता द्यायचा. आणि त्याच्या पुढच्या वर्षी सगळ्या वर्तुळावर गहू, म्हणजे खरं काय ते दिसेल.

त्या बाकल्याने चाचांचा जीव खाल्ला. थंडीने त्याचा एक पट्टा करपला, तेव्हा कुरियन रोज विचारायचा, "उस्मानभाई, आपका वाल मर गया क्या?" चाचा दर शुक्रवारी जुम्मा आटोपला की माझ्या गाडीतून तिकडे यायचे. पाईपाच्या चाकाजवळ उकिडवे बसून एखादं झाड उपटायचे आणि मुळांवरच्या बारीक गाठी मला दाखवायचे. मीच त्यांना सांगितलं होतं की या गाठींत नत्र असतं. आता ते मलाच शिकवल्यासारखे सांगायचे, "बग, भरलंय."

त्या वर्षीच्या बाराच्या गव्हाचा पाव सुधारला. पूर्वीसारखा नाही, पण चुरा होईना. शेवटच्या हप्त्याने तेवढं काम केलं होतं. पीक मात्र कमीच आलं, मुळं कुजलेली, मधूनमधून पिवळे पट्टे. चाचांनी निकाल दिला, "खतानं पाव सुधारला, पोतं नाय भरलं." त्यांना मी काही शिकवायची गरज नव्हती.

दुसऱ्या वर्षी बारा नंबरमध्ये उभं राहिलं की रेघ कुठे मारली होती ते नुसत्या डोळ्यांनी दिसायचं. बाकल्याच्या जागेवरचा गहू गुडघ्यावर वीतभर उंच, दाट, ओंब्या भरलेल्या. पलीकडचा विरळ. हप्ते दोन्हीकडे सारखेच दिले होते. कापणीच्या वेळी मी दोन्ही बाजूंची पोती वेगळी ठेवायला लावली आणि त्यांवर फक्त खुणा केल्या, नंबर लिहिले नाहीत. चाचांनी दोन्ही पिठं धुतली, दोन्हींचे पाव केले. मग नेहमीसारखे ते झाकून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेसमध्ये गेलो तर ते कालचे दोन्ही पाव पुढ्यात घेऊन बसले होते. एक बोटांत दाबला, सोडला. तो हळूहळू वर आला. पूर्ण वर आला. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला.

"हा वालाचा," ते म्हणाले. बरोबर होतं.

"चांगला झालाय ना?"

"खा आधी."

मी खाल्ला. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी स्तुती ऐकून घेतली, सगळी, मान खाली घालून.

त्यानंतर महिन्याभरात त्यांनी आपणहून एक्झिट मागितली. कुरियनने थांबवायचा प्रयत्न केला, तारिकनीही केला. चाचा म्हणाले, आता जायला हरकत नाय. धाकट्या मुलीला दिवस गेले होते, बायको एकटी पडली होती, आणि गुडघेही दुखत होते. ही सगळी कारणं आधीही होती. पण ती त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली.

सकाकाच्या विमानतळावर तारिक स्वतः त्यांना सोडायला निघाले. पिकअपच्या मागे दोन बॅगा बांधलेल्या. मेसमधले लोक जमले होते. कुरियनने मिठी मारली आणि त्याच्या शर्टाला पीठ लागलं, कारण चाचांनी सकाळची खुबूस स्वतःच भाजली होती. मला मात्र त्यांनी मिठी वगैरे मारली नाही. माझा दंड धरून हलवला आणि म्हणाले, "सात नंबरला तीन वरसं झाली गव्हावर गहू. मी मोहंदिस साहेबांना वाटेत सांगणार हाय. तू पण सांग."

पिकअप निघाली. शेताच्या फाटकापर्यंतचा रस्ता सरळ आहे, त्यामुळे बराच वेळ दिसत राहते. मागच्या काचेतून मला चाचांची टोपी दिसत होती. मला वाटलं, ते एकदा तरी वळून बघतील. त्यांनी बघितलं नाही. त्यांचा उजवा हात वर आला आणि हवेत मोठं वर्तुळ काढायला लागला. मग त्या वर्तुळावर त्यांनी आडवी रेघ मारली. तारिकनी नाही म्हणून मान हलवली. हात परत वर आला, परत वर्तुळ, परत रेघ. फाटकाशी गाडी वळली तेव्हा तारिकची मान हो म्हणाल्यासारखी खाली झाली होती, आणि हात अजून खाली आला नव्हता.